कसबाची बोली आणि परका माणूस

मराठी येणाऱ्या माणसाला आमगावच्या बाजारात सर्व काही कळेल असे नाही. धान 'भारी' आहे असे शेतकरी म्हणाला, तर त्याने ते तोललेले नसते. ते उशिरा हाती येणारे वाण आहे, एवढेच त्याला सांगायचे असते. लवकर येते ते 'हलके'. शेताच्या बांध घातलेल्या तुकड्याला तो 'बांधी' म्हणतो, रोपांना 'पऱ्हे', लावणीला 'रोवणी'. हेच धान गिरणीच्या दारात गेले की दुसरी बोली सुरू होते. उकडून, वाळवून सडले तर तो तांदूळ 'उष्णा', न उकडता सडला तर 'अरवा'. फुटलेला दाणा 'कनकी'. आणि सरकारी धान सडून तांदूळ परत देण्याच्या कामाला 'भरडाई'. तांदळाच्या पोत्याला गिरणीत 'कट्टा' म्हणतात. विडीच्या धंद्यात मात्र कट्टा म्हणजे विड्यांची जुडी. एकाच गावात, एकाच मराठीत, हमालाचा कट्टा पाठीवर येतो आणि विडीवाल्याचा मुठीत मावतो.

गोंदिया जिल्हा १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्याच्या पूर्व टोकाकडच्या या तालुक्यात मराठीच्या जोडीला पोवारी, छत्तीसगढी आणि हिंदी सतत कानी पडतात. हावडा-मुंबई लोहमार्ग गावातून जातो, भोवती धानाची शेती आहे, पलीकडे जंगल आहे. एवढे धंदे एकत्र नांदत असल्यावर शब्दांची रेलचेल व्हावी यात नवल नाही. हे शब्द गोळा करून ठेवावेत असे कोणाही भाषाप्रेमी माणसाला वाटेल, आणि ते काम अगत्याचे आहे. परंतु आम्हांस येथे दुसराच प्रश्न विचारायचा आहे. धंद्याचा शब्द धंद्याबाहेरच्या माणसाला कळत नाही. हे न कळणे निरुपद्रवी केव्हा असते, आणि अन्याय केव्हा होतो?

निरुपद्रवी तर काय, काही शब्द निखळ गोड असतात. धान्य मोजताना जुना मापारी पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसे. तो 'लाभ' म्हणे, आणि मग दोन, तीन असे पुढे जाई. राशीला पहिला शब्द भरभराटीचा लागावा ही त्यामागची भावना. दुकानदार रात्री दुकान 'बंद' करीत नाही, 'वाढवतो'. बांगडी फुटली तरी ती 'वाढली' असेच घरातल्या बायका म्हणतात. अशुभ शब्द जिभेवर न येऊ देण्याची ही रीत आहे. तीत कोणाची फसवणूक नाही, कारण ऐकणाऱ्याला आणि बोलणाऱ्याला दोघांनाही खरा अर्थ ठाऊक असतो. 'लाभ' म्हटले म्हणून एका मापाची दोन मापे कोणी धरीत नाही.

याहून गंभीर प्रकार रेल्वेचा. गाडी फाटकाजवळ यायची असली की स्टेशन मास्तर फाटकवाल्याला दूरध्वनीवरून फाटक लावायला सांगतो. फाटक लावून कुलूप घातल्यावर फाटकवाला नुसते 'लावले' असे म्हणून भागत नाही. त्याच्याजवळ आकड्यांचा एक छापील कागद असतो. त्यावरचा पुढचा आकडा तो मास्तरला सांगतो आणि खोडून टाकतो. मास्तर तो आकडा आपल्या वहीत लिहितो. याला रेल्वेत 'प्रायव्हेट नंबर' म्हणतात. दोन स्टेशनांमध्ये गाडी सोडण्याची अनुमती, म्हणजे 'लाईन क्लिअर', देतानाही असे आकडे दिले-घेतले जातात. तोंडाला सवयीने 'हो' येते. कागदावरचा आकडा मात्र सवयीने येत नाही, तो पाहूनच सांगावा लागतो. पेंगुळलेल्या माणसाच्या निष्काळजी होकारावर शेकडो जीव सोपवले जाऊ नयेत म्हणून ही गुप्त बोली निर्माण झाली.

डब्यात झोपलेल्या प्रवाशाला यातले काहीही ठाऊक नसते. म्हणून त्याच्यावर अन्याय झाला असे कोणी म्हणेल काय? उलट ती बोली त्याच्याचसाठी बोलली जात आहे. उद्या कोणी त्याला जागे करून त्या आकड्याचा अर्थ समजावून सांगितला, तर तो निर्धास्त होऊन पुन्हा कुशीवर वळेल. आम्हांस कसोटी सापडते ती येथे. बाहेरच्या माणसाला शब्द कळतो की नाही ही कसोटी नव्हे. ज्याच्याविषयी तो बोलला जातो त्याच्यासमोर त्याचा अर्थ उलगडला, तर तो शब्द टिकून राहतो काय, ही खरी कसोटी होय.

आता जंगलाकडे वळू. उन्हाळ्यात, पाऊस पडण्यापूर्वीच्या थोड्या आठवड्यांत, या भागातील हजारो कुटुंबे तेंदूची पाने तोडतात. पहाटे रानात जायचे, दुपारी सावलीत बसून पाने जुळवायची. सत्तर पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, असा महाराष्ट्रातील हिशेब आहे. संध्याकाळी पुडे 'फळी'वर न्यायचे. फळी म्हणजे लाकडाची फळी नव्हे. पाने मोजून घेऊन जमिनीवर वाळत घालण्याची ती जागा, कोणी तिला फड म्हणतात. तेथे मुन्शी मोजतो. पान लहान आहे, डाग आहे, पुडा सैल आहे, असा निवाडा तोच करतो. एवढ्यापर्यंत सर्व ठीक आहे. चांगल्या पानाला चांगले आणि वाईटाला वाईट कोणीतरी म्हटलेच पाहिजे.

पान विडीच्या कारखान्यात पोचले की निवाड्याला एक नाव मिळते: 'छाट'. घरी बसून विड्या वळणारी बाई आपला दिवसाचा माल घेऊन जाते, तपासनीस त्यातून काही मुठी बाजूला काढतो आणि म्हणतो, ही छाट. छाट म्हणजे कमी प्रतीची, नाकारलेली विडी. मुळात हा शब्द कसबाचाच. वाकडी, पोकळ, तोंड न मिटलेली विडी कोणती, हे वळणारीलाही कळते. परंतु पूर्वीपासून तक्रार अशी की, छाट म्हणून काढलेल्या विडीचे पैसे मिळत नाहीत आणि विडीही परत मिळत नाही. नाकारलेली वस्तू नाकारणाऱ्याच्याच घरात राहते. आता त्या बाईला कोणी या शब्दाचा पुरा अर्थ सांगावा: 'बाई, छाट म्हणजे तुझी जी विडी आम्ही घेतली नाही असे म्हणतो, पण घेतो.' हा शब्द असा उच्चारून टिकेल काय?

विशेष हे की हा शब्द पुढे कायद्याच्या दरबारात जाऊन उभा राहिला. संसदेने १९६६ साली विडी व सिगार कामगारांच्या नोकरीच्या अटींविषयी कायदा केला. कारखानदारांनी त्याला आव्हान दिले, आणि १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. त्या कायद्याखाली राज्यांनी केलेल्या इंग्रजी नियमांत 'छाट' हा आपला देशी शब्द तसाच येऊन बसला आहे, आणि मालकाने किती टक्क्यांपर्यंत छाट काढावी याला तेथे मर्यादा घातली आहे. कामगार बाईच्या तोंडचा शब्द कायद्याने उचलला तो त्याला वेसण घालण्यासाठी. भाषेच्या इतिहासात असे प्रसंग थोडे.

धानाच्या वजनातून ओलसरपणा, माती, पोते अशा कारणांसाठी जे कापून घेतात त्याला या बाजूला 'कटती' म्हणतात. पश्चिमेकडे 'कडता' हा त्याचा भाऊ. पोत्याचे वजन वजा करणे न्याय्यच आहे. पण पोते किती भरते हे तोलून पाहता येते, आणि कटती बहुधा तोलून ठरत नाही, ठरलेलीच असते. सरकारी भरडाईत शंभर किलो धानाला अरवा तांदूळ सदुसष्ट किलो आणि उष्णा अडुसष्ट किलो द्यायचा, हा आकडा लिहिलेला आहे. पटो न पटो, त्यावर वाद घालता येतो. कटतीवर वाद कसा घालायचा? 'रीतच आहे' या उत्तरापुढे शेतकऱ्याची जीभ थांबते. 'मापात पाप' ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच केली नाही. मात्र पाप मापात शिरण्यापूर्वी ते शब्दात शिरलेले असते, हे त्या म्हणीत सांगायचे राहून गेले.

एका शब्दावर माणसाचे काय होऊ शकते, हे पवित्र शास्त्राच्या वाचकांना सांगायला नको. शास्ते या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात यार्देन नदीच्या उतारांवर गिलादी पहारेकरी उभे आहेत. पळून जाणाऱ्या प्रत्येकाला ते एक शब्द उच्चारायला लावतात: शिब्बोलेथ. एफ्राईमच्या माणसाच्या तोंडून पहिला वर्ण नीट निघत नाही, आणि तेवढ्यावरून त्याला ठार केले जाते. असे बेचाळीस हजार पडले, असे तेथे लिहिले आहे. या शब्दाचा अर्थ धान्याचे कणीस असा सांगतात, आमच्याकडची लोंब. ज्या वस्तूवर दोन्ही वंश जगत होते तिचेच नाव त्यांच्यामधली तलवार झाले. धंद्याच्या बोलीत आतल्यांना ओळखण्याचा आणि बाहेरच्यांना अडवण्याचा जो अंश असतो, त्याचे याहून भयंकर चित्र आमच्या पाहण्यात नाही.

आपल्या घरातलेही एक उदाहरण येथे घेतले पाहिजे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज मान्य केला. तोपर्यंत आपल्या आज्या-पणज्या लॅटिन मिस्साला गुडघे टेकून बसत. शब्द त्यांना कळत नसत. पण तो विधी त्यांच्याविरुद्ध चाललेला नव्हता, त्यांच्याचसाठी चालला होता, आणि त्या अर्थाने तो रेल्वेच्या आकड्यांच्या बाजूचा होता, फळीच्या बाजूचा नव्हे. तरीही परिषदेने लोकभाषेला दार उघडले, कारण जे माझ्यासाठी आहे त्यात माझा आवाजही असावा, ही मागणी नुसत्या सुरक्षिततेहून मोठी आहे. आपल्या मराठीत ती जाण फार पूर्वीची. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले. त्यात स्वर्गाला 'वैकुंठ' हा शब्द घेताना त्या इंग्रज जेझुइटाने ऐकणाऱ्याच्या अंगणातला शब्द उचलला. पांडित्य त्याच्याजवळ कमी नव्हते.

पांडित्यावरून आठवले. आमगावजवळ पदमपूर नावाचे गाव आहे. भवभूतीने आपल्या नाटकांच्या प्रस्तावनेत पद्मपूर हे आपल्या पूर्वजांचे स्थान सांगितले आहे, ते हेच, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले. आमगावच्या महाविद्यालयालाही त्या कवीचेच नाव आहे. भवभूतीच्या नाटकात राम संस्कृत बोलतो आणि सीता प्राकृत बोलते. नाट्याचा तो संकेतच होता. आणि तरीही दोघांना एकमेकांचे प्रत्येक वाक्य कळते. त्यांच्या दुःखाच्या आड भाषा येत नाही. तहसील कचेरीच्या खिडकीशी मात्र हा संकेत चालत नाही. तेथे एक बाजू संस्कृत बोलते, दुसरी प्राकृत, आणि मधली काच बंदच राहते.

'पैसेवारी' हाच शब्द घ्या. पूर्ण पीक म्हणजे एक रुपया असे धरून या वर्षी किती पैसे पिकले ते महसूल खाते ठरवी. जुन्या लोकांची ती आणेवारी. पन्नास पैशांच्या खाली गाव आले की टंचाईच्या सवलती, वर राहिले की काही नाही. बांधीत उभे करपलेले धान पाहणाऱ्याला आपल्या गावाची पैसेवारी एकावन्न आली की बावन्न, हे कोणी समजावून सांगत नसे. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेनंतर रीत बदलली. पावसाची तूट, जमिनीतली ओल, उपग्रहाने पाहिलेली हिरवळ असे निर्देशांक आले, आणि इंग्रजीतल्या 'ट्रिगर'ला आपल्या शासन निर्णयांनी 'कळ' हा मराठी शब्द दिला. दुष्काळाची पहिली कळ, दुसरी कळ. यंत्राची कळ असा त्यांचा हेतू आहे हे उघड आहे. परंतु शेतकऱ्याच्या बोलीत कळ येते ती पोटात, आणि तो शब्द करणाऱ्याच्या नकळत खरा ठरला आहे. सर्वच कचेरीचे शब्द परके राहतात असेही नाही. 'सातबारा' म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, कारकुनाच्या कपाटातले दोन आकडे. आज अक्षरशत्रू म्हातारीदेखील आपल्या जमिनीच्या हक्काला दुसरे नाव देणार नाही. वापरणाऱ्याच्या हाती कागद आला की शब्दही त्याचा होतो.

सर्वांत अवघड गोष्ट इस्पितळाची, कारण तेथे बहुधा कोणाचा हेतू वाईट नसतो. पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार बराच आढळतो. त्याच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली आणि २०४७ पर्यंतचे लक्ष्य ठेवले आहे. तपासणीच्या कागदावर दोन अक्षरे येतात: एएस किंवा एसएस. एसएस म्हणजे रोगी. एएस म्हणजे वाहक. त्याला सहसा काही होत नाही, तो शेती करतो, संसार करतो. फक्त दोघे वाहक एकमेकांशी लग्न करतील, तर त्यांच्या प्रत्येक अपत्याच्या बाबतीत चारांत एक इतकी रोगाची शक्यता असते. किती उपयोगी ज्ञान! पण 'वाहक' हा शब्द गावात पोचतो तो अर्धाच. साथीचा रोग वाहून आणणारा, असे ऐकणारा समजतो. मुलगी एएस आहे एवढे कळताच बोलणी थांबतात, आणि मुलाची तपासणी करावी असे कोणाला सुचतही नाही. येथे शब्द खोटा नाही, सांगणारी परिचारिका प्रामाणिक आहे, आणि तरी एका मुलीचे नुकसान होते. म्हणून आम्हांस वाटते की, ज्याच्या हाती कसबाचा शब्द आहे त्याचे कर्तव्य तो अचूक उच्चारून संपत नाही. दोन मिनिटे बसून अर्थ सांगणे हाही त्याच्या कामाचाच भाग आहे, उपकार नव्हे. 'रिपोर्ट निगेटिव्ह आला' हे ऐकून रडू लागलेली माणसे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे पटेल.

दयेपोटी घेतलेल्या पडद्याविषयी मात्र आमचे मन अजून दुभंगलेले आहे. रोग्यासमोर क्षयाचे नाव नको म्हणून डॉक्टर आपसांत 'कॉख' म्हणतात. १८८२ साली क्षयाचा जंतू जगापुढे ठेवणाऱ्या रॉबर्ट कॉख यांचे ते नाव. खाटेवरच्या माणसाला धक्का बसू नये हा हेतू चांगलाच. परंतु त्या माणसाला आपल्या मुलाबाळांपासून किती दिवस जपून राहायचे, औषध मध्येच सोडले तर काय होते, हे कळले पाहिजे ना? नाव लपवून औषध नियमित घेववता येते काय? कर्करोगाच्या शेवटच्या पायरीवरील वृद्धाच्या बाबतीत आम्ही इतक्या ठामपणे बोलणार नाही. तेथे कुटुंबाने, डॉक्टरने आणि बोलावल्यास धर्मगुरूने मिळून, त्या माणसाला किती ऐकायचे आहे हे आधी त्यालाच विचारावे, एवढेच म्हणू.

एक शब्द उरला, आणि तो ऐकायला सर्वांत सभ्य आहे: 'मानधन'. अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिच्यात काम करणारी बाई 'सेविका', तिची मदतनीस, आणि २००५ पासून गावोगाव फिरणारी 'आशा' स्वयंसेविका. यांना जे मिळते ते वेतन नव्हे, मानधन. मान आहे म्हणून धन थोडे, असा या समासाचा विग्रह कोणी थट्टेने केला तर तो चुकीचा म्हणता येणार नाही. वेतन म्हटले की त्यामागून रजा येते, निवृत्तिवेतन येते, उपदान येते. मानधन म्हटले की यांपैकी काहीही मागता येत नाही. एक अक्षरही खोटे न बोलता केवढी बचत! २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या एका प्रकरणात अंगणवाडी सेविका व मदतनिसांना उपदानाचा हक्क आहे असा निर्णय दिला, आणि त्यांचे मानधन हे त्या कायद्यापुरते वेतनच होय असे मानले. शब्दाचा अर्थ त्या बायांसमोर उलगडला गेला, आणि तो टिकला नाही.

हा निकाल सरकारविरुद्ध लागला म्हणून आपण स्वस्थ बसावे असे नाही. 'सेवा' आणि 'मानधन' हे शब्द आपल्या धर्मग्रामांत, आपल्या शाळांत आणि वसतिगृहांतही मुबलक वापरात आहेत. धर्मशिक्षण देणारी शिक्षिका, चर्चची झाडलोट करणारा माणूस, वसतिगृहात पहाटे चूल पेटवणारी बाई, यांच्याविषयी आपण हे शब्द प्रेमानेच वापरतो. काहींनी खरोखरच सेवा म्हणून ते काम पत्करले आहे, त्यांच्या बाबतीत तो शब्द पुरा खरा आहे. बाकीच्यांचे काय? वर्षाच्या जमाखर्चात 'मानधन' या सदराखाली एक आकडा असतो. पुढच्या सभेत तो वाचला जाईल तेव्हा ज्याला तो मिळतो त्यालाही बोलवावे, आणि त्याच्यासमोर त्या सदराचे नाव 'पगार' असे वाचून पाहावे.